गुडघेदुखी: ऑपरेशन न करता काय काय होऊ शकतं? आईसाठी अनुभव हवेत (सांगली-मिरज)

बुधगावकर | १७ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न आईच्या गुडघ्यांचा आहे. सविस्तर लिहिते, कारण तुकड्यातुकड्यानं विचारलं की गोंधळच वाढतो हे गेल्या दोन महिन्यांत कळलंय.

आई ६६ वर्षांची. वजन ७८ किलो. साखर आहे, गोळ्यांवर ताब्यात आहे. उभा जन्म बुधगावच्या रानात गेला. भांगलणीला सकाळी उकिडवी बसली की दुपारच्या भाकरीलाच उठायची, आणि तशीच बसल्या-बसल्या सरी धरून पुढं सरकायची. चाळीस वर्षं हे केलं. आता दोन्ही गुडघे गेलेत, उजवा जास्त. उठताना कडकड आवाज येतो, जिना एकेक पायरी करत उतरते, रात्री कूस बदलताना कण्हते. सकाळी पहिली दहा मिनिटं भिंत धरून चालते.

तीन ठिकाणी दाखवलं, तीन मतं आली. मिरजेत एका डॉक्टरांनी ‘आरएफ’ सांगितलं, म्हणजे गुडघ्याच्या दुखऱ्या नसा उष्णतेनं बंद करायच्या. सांगलीत दुसऱ्यांनी पीआरपीची, म्हणजे आपल्याच रक्तातून काढलेल्या भागाची, तीन इंजेक्शनं सुचवली. पुण्याचा मामेभाऊ म्हणतो, गुडघ्याच्या रक्तवाहिनीत बारीक कण सोडून दुखणं कमी करतात, ते कर. आणि शेजारची काकू म्हणते, वाट्या बदलून मोकळी हो.

आई ऑपरेशनला तयार नाही. तिचं एकच म्हणणं आहे: ‘‘मला कापून घ्यायचं न्हाई. फकस्त हळद काढायच्या येळेला बांधापातुर चालत जाता आलं पायजे.’’ घरापासून रान दीड किलोमीटर आहे. हळद निघायला अजून दोन-अडीच महिने आहेत.

ज्यांनी यातलं काही करून घेतलंय त्यांनी खरंखरं लिहा. किती दिवस टिकलं, काय पस्तावा झाला, तेही लिहा.

कृष्णाकाठ | १७ नोव्हेंबर, रात्री १०:०५

एक्स-रे उभं करून काढलाय की झोपवून? हे आधी सांगा.

बुधगावकर | १७ नोव्हेंबर, रात्री १०:२०

पहिला झोपवून काढला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी तो बघून बाजूला ठेवला आणि उभं करून परत काढायला लावला. रिपोर्टात झीज ग्रेड ३ (चारपैकी) लिहिलीय, आतल्या बाजूची फट जास्त कमी झालीय.

सतारीचा_भोपळा | १७ नोव्हेंबर, रात्री ११:१२

ताई, मी मिरजेचा. वाद्यं बनवायचा घरचा धंदा. आमचं काम सगळं जमिनीवर, मांडी घालून. जवारी काढायला, म्हणजे तारेखालची घोडी घासून सूर जमवायला, बसलो की दोन-तीन तास हलता येत नाही, हलला की सूर गेला. त्यामुळं गुडघ्याचं दुखणं आमच्या गल्लीत घरोघरी आहे.

मी दोन वर्षांपूर्वी पीआरपी घेतलं. हातातून रक्त काढतात, मशीनमध्ये फिरवतात, वरचा पिवळसर भाग सुईनं गुडघ्यात सोडतात. दर पंधरा दिवसांनी एक, अशी तीन. पहिल्यानंतर दोन दिवस गुडघा जास्त ठणकला, ते आधी सांगितलं होतं. महिन्याभरानं बरं वाटायला लागलं आणि सात-आठ महिने चांगले गेले. मग हळूहळू पूर्वपदावर. माझा ग्रेड २ होता, वय ४९. आईंच्या बाबतीत तसंच होईल असं मी म्हणणार नाही.

अस्थिरोग_मिरज | १८ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

मी हाडांचा डॉक्टर आहे. आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे औषध किंवा निर्णय सांगणार नाही. पण तुमच्यापुढं जे पर्याय ठेवलेत ते एकाच जातीचे नाहीत, हे सांगायला हवं.

गुडघ्यातली गादी झिजली की ती परत वाढवणारं इंजेक्शन आज माझ्या हातात नाही. बाकी सगळे उपाय दुखणं कमी करायचे. स्टिरॉइडचं इंजेक्शन सूज उतरवतं, काही आठवडे बरं वाटतं. साखर असेल तर त्यानंतरचे काही दिवस साखर वर जाते, रोज तपासावी लागते. ते सारखं-सारखं घेऊ नये. २०१७ साली अमेरिकेत १४० रुग्णांवर झालेला अभ्यास आहे. दर तीन महिन्यांनी दोन वर्षं स्टिरॉइड दिलं, तर तुलनेसाठी औषधाऐवजी नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांपेक्षा त्यांची गादी जास्त झिजली आणि दुखण्यात मात्र फरक नव्हता.

वंगणाचं इंजेक्शन म्हणतात ते हायलुरोनिक ॲसिड. काहींना उपयोग होतो, पण अमेरिकेतल्या अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेनं ते सरसकट द्यायला नको म्हटलंय. पीआरपीबद्दल अभ्यास दोन्ही बाजूंचे आहेत. ऑस्ट्रेलियातला २०२१ चा अभ्यास २८८ जणांवरचा होता, त्यात वर्षभरानं पीआरपी आणि मिठाचं पाणी यांत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. सतारवाल्या दादांना बरं वाटलं ते खोटं नव्हे. पण ग्रेड ३ ला, या वयात, पैसे भरण्याआधी हे माहीत असावं.

आता माझा तुम्हाला प्रश्न. आईंचं सगळ्यात मोठं दुखणं कधी असतं? चालताना, बसून उठताना की रात्री?

बुधगावकर | १८ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

डॉक्टर, चालताना आणि उठताना. रात्रीचं त्या मानानं कमी. आणि हो, एखाद्या दिवशी जास्त चालली की दुसऱ्या दिवशी उजवा गुडघा सुजतो.

आयर्विन_पूल | १८ नोव्हेंबर, सकाळी ११:००

मी वेगळं मत मांडतो. ग्रेड ३ आहे, मग सुया टोचत वर्षं का घालवायची? माझ्या वडिलांचे दोन्ही गुडघे बदलले, आज ते विश्रामबागेतून गणपतीच्या देवळापर्यंत चालत जातात. वाजपेयी पंतप्रधान असताना त्यांचे दोन्ही गुडघे मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले, एक ऑक्टोबर २००० मध्ये आणि दुसरा जून २००१ मध्ये. त्या वेळी आमच्या घरात रोज त्याचीच चर्चा असायची. तेव्हापासून हे ऑपरेशन घराघरात माहीत झालं.

खर्चाची भीती असेल तर ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला ५४,७२० रुपये ठरले, त्याआधी सरासरी दीड लाखाच्या वर जात होते. बदललेल्या गुडघ्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त २५ वर्षं टिकतात, असं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ ला आलंय.

शेवग्याची_शेंग | १८ नोव्हेंबर, दुपारी १:२०

दादा, तुमच्या वडिलांचं छान झालं, पण सगळ्यांचं तसं होत नाही. माझ्या आत्याचा गुडघा बदलल्यावर जंतुसंसर्ग झाला. साखर ताब्यात नसताना घाई केली, कुणी तीन महिन्यांची साखर बघितली नाही. परत उघडावा लागला, सहा महिने अंथरुणावर होती. कुठं ते लिहीत नाही. शिवाय बाईमाणसाला जमिनीवर बसून करायची कामं असतात, बदललेल्या गुडघ्यानं उकिडवं बसायला मनाई करतात. आणि ताईंच्या आई नको म्हणतायत. त्यांचा पाय आहे, त्यांचं ऐकायला नको का?

आयर्विन_पूल | १८ नोव्हेंबर, दुपारी १:४५

ऐकायला हवंच. नको म्हणतायत ते भीतीनं की माहिती घेऊन, एवढंच विचारायचं होतं. आत्यांचं वाचून वाईट वाटलं.

क्षकिरण | १८ नोव्हेंबर, रात्री ९:३०

मी रेडिओलॉजी विभागात काम करतो, म्हणून पुण्याच्या मामेभावानं सांगितलेल्या प्रकाराबद्दल लिहितो. त्याला जेनिक्युलर आर्टरी एम्बोलायझेशन म्हणतात.

गुडघा झिजायला लागला की सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं. त्या सुजेत नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, आणि त्यांच्याबरोबर दुखणं जाणवणाऱ्या बारीक नसाही वाढतात. जांघेतल्या धमनीतून केसासारखी बारीक नळी गुडघ्यापर्यंत नेतात आणि त्या नव्या वाहिन्यांत मिलिमीटरच्या काही दशांश आकाराचे कण सोडतात. रक्ताचा जादा पुरवठा तुटला की सूज उतरते. फक्त जागेवर भूल, टाके नाहीत, बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात. जपानमधल्या डॉ. ओकुनो यांनी २०१५ च्या सुमारास ही पद्धत गुडघ्यासाठी पुढं आणली.

आता दुसरी बाजू. गादी यानं वाढत नाही, वाकलेला पाय सरळ होत नाही. ज्याचा गुडघा सारखा सुजतो, दाबल्यावर एका ठिकाणी नेमकं दुखतं, आणि झीज मध्यम आहे, त्याला जास्त उपयोग. काही दिवस गुडघ्यावरची कातडी जांभळट दिसते, ती बहुधा आपोआप जाते. रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून डाय (रंगद्रव्य) द्यावा लागतो, म्हणून मधुमेह्याचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, आधी बघायचं. खोटी प्रक्रिया करून तुलना केलेले अभ्यास अजून थोडेच आहेत आणि त्यांचे निकाल एका दिशेचे नाहीत. हे करणारे डॉक्टर मोठ्या शहरांतच, म्हणजे तपासणीला दोन-तीन फेऱ्या पुण्याच्या.

बेदाणा | १८ नोव्हेंबर, रात्री १०:५०

तासगावातून. शेडवर बेदाणा निवडायला बायका दिवसभर खाली बसतात, त्यामुळं आमच्याकडं प्रत्येकीच्या पिशवीत एक तेलाची बाटली असते.

एक सांगायचं होतं, म्हणजे कुणी फसू नये. आमच्या सासूबाईंनी एका गावातून ‘गुडघ्याची पुडी’ आणली होती. आठ दिवसांत दुखणं पार गेलं. सगळ्यांनी पुड्या मागवल्या. चार महिन्यांनी त्यांचा चेहरा गोल झाला, पायावर सूज आली, साखर नव्हती ती निघाली. डॉक्टर म्हणाले पुडीत स्टिरॉइड असणार, आणि एकदम बंदही करू नका, हळूहळू कमी करावं लागेल. आठ दिवसांत जादू झाली तर पुडी तपासून घ्या.

पेवातली_हळद | १९ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

सगळे सुया-नळ्यांवर बोलताय, आणि सांगलीचे असून हळदीचं नावसुद्धा कुणी काढलं नाही! आमचे आजोबा हरिपूरच्या पेवात उतरायचे. जमिनीखालचं ते कोठार, वर तोंड लहान आणि आत घागरीसारखं रुंद. उतरायच्या आधी झाकण काढून हवा खेळू द्यायची, नाहीतर माणूस आत गुदमरायचा. २००५ च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरलं आणि एका पिढीचा व्यवहार बुडाला. आजोबा ८८ व्या वर्षापर्यंत चालत होते, रोज रात्री हळद घातलेलं दूध.

अस्थिरोग_मिरज | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

पेवाची आठवण वाचून बरं वाटलं, आमच्या घरचीही हळद तिथं असायची. हळदीतल्या कुरक्युमिनचा अर्क मोठ्या मात्रेत देऊन छोटे अभ्यास झालेत, काहींत दुखणं थोडं कमी झालेलं दिसतं. दुधातली चमचाभर हळद म्हणजे ती मात्रा नव्हे. दूध जरूर प्या. अर्काच्या गोळ्या मात्र रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

धोंडीराम_मास्तर | १९ नोव्हेंबर, सायंकाळी ५:१५

मी निवृत्त शिक्षक, वय ७१. आरएफ माझं दोनदा झालंय. बुधगावकर ताईंनी खरंखरं लिहा म्हटलंय, म्हणून चुकीसकट लिहितो.

आधी चाचणी करतात. गुडघ्याच्या वर आतून एक, बाहेरून एक आणि खाली आतल्या बाजूला एक, अशा तीन ठिकाणी, एक्स-रेच्या पडद्यावर बघत, नसांजवळ भुलीचं औषध सोडतात. याला ब्लॉक म्हणतात. ते काही तासच टिकतं. त्या वेळात नेहमी दुखतं ते सगळं करून बघायचं. मला डॉक्टरांनी एक वही दिली होती, दर तासाला दुखणं दहापैकी किती ते लिहायला. दवाखान्याचा जिना मी चार वेळा चढलो-उतरलो. आठावरून दोनवर आलं. निम्म्याहून कमी झालं तरच पुढं जायचं, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

मग दोन आठवड्यांनी प्रत्यक्ष आरएफ. त्याच तीन जागी सुया, टोकाशी साधारण ८० अंश उष्णता, प्रत्येक जागी दीडेक मिनिट. या नसा फक्त दुखणं कळवणाऱ्या असतात, त्यामुळं पायातला जोर जात नाही. आठ-दहा दिवस जागा हुळहुळी होती. तिसऱ्या आठवड्यापासून मी जणू नवा माणूस झालो.

इथं माझी चूक झाली. दुखत नाही म्हटल्यावर मी पथ्य सोडलं. व्यायामाचा कागद कपाटात गेला. लग्नसराईत पंगतीला मांडी घालून बसलो, दंडोबाच्या डोंगरावर गेलो, वजन चार किलो वाढलं. नऊ महिन्यांनी नसा परत वाढल्या, त्या वाढतातच, आणि दुखणं आधीपेक्षा जास्त जोरात आलं. मांडीचा स्नायू तर तोवर आणखी बारीक झाला होता.

दुसऱ्या वेळी मी ते नऊ महिने वेगळे वापरले. त्याला आता चौदा महिने झाले. दुखणं आहे, पण तीनच्या वर जात नाही.

शेवग्याची_शेंग | १९ नोव्हेंबर, सायंकाळी ५:४०

मास्तर, दुसऱ्या वेळी काय केलंत ते सांगा ना. तेच कामाचं आहे.

धोंडीराम_मास्तर | १९ नोव्हेंबर, सायंकाळी ६:१०

नातीनं पाटी-पेन्सिल घेऊन हजेरी मांडली. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून खाली दाबायचं, दहा आकडे मोजायचे, सकाळ-संध्याकाळ वीस वेळा. हात न लावता खुर्चीतून उठायचं-बसायचं, सुरुवातीला पाच, आता पंधरा. तिनं एक दिवस माझी गैरहजेरी लावली तेव्हा मला वाईट वाटलं. रात्रीचा भात बंद केला, सहा किलो उतरलो.

मांडीचा_जोर | १९ नोव्हेंबर, रात्री ८:२५

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मास्तरांचं वाचून खूप आनंद झाला. आमच्याकडं लोक येतात ते सगळं करून झाल्यावर, शेवटी. खरं तर आम्ही पहिल्या दिवशी हवे असतो.

गुडघ्याला सांभाळतो तो मांडीचा पुढचा स्नायू. दुखतं म्हणून माणूस चालत नाही, चालत नाही म्हणून स्नायू सुकतो, आणि स्नायू सुकला की प्रत्येक पावलाचा दणका थेट हाडावर येतो. वजनाचं गणित आईंना असं सांगा: एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचं ओझं सुमारे चार किलोनं कमी होतं. पाच किलो म्हणजे वीस किलोचं पोतं. शेतकरी बाईला पोत्याचा हिशेब लगेच कळतो.

काठी घ्यायची असेल तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. उजवा जास्त दुखतो तर काठी डाव्या हातात. दहातले आठ जण उलटी धरतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आणि घरात कमोड नसेल तर आजच खुर्ची आणा, उकिडवं बसणं टळलं की एवढ्या एका गोष्टीनं निम्मं काम होतं.

बेदाणा | १९ नोव्हेंबर, रात्री ९:०५

ताई, तुमचं खरंय, पण ज्या बाईला दहा पावलं चालवत नाही तिला व्यायाम कर म्हणणं म्हणजे तिच्या दुखण्यावर मीठ चोळणं आहे. आमच्या सासूबाई पाय उचलायला घेतल्या की रडायच्या.

मांडीचा_जोर | १९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

अगदी बरोबर. म्हणून मला या छोट्या प्रक्रिया आवडतात. आरएफ असो की एखादं इंजेक्शन, त्यातून दुखणं कमी असल्याचे काही महिने हातात येतात. ते आले की तिसऱ्या आठवड्यात पेशंट माझ्याकडं पाठवा, असं मी ओळखीच्या डॉक्टरांना सांगून ठेवलंय. जे दुखण्यामुळं करता येत नव्हतं ते त्या काळात करून घ्यायचं. मास्तरांचे पहिले नऊ महिने आणि दुसरे नऊ महिने यांत सुई तीच होती.

कृष्णाकाठ | १९ नोव्हेंबर, रात्री १०:१०

एक शंका. दुखणं ही शरीरानं दिलेली हाक आहे ना? ती नसच बंद केली तर माणूस झिजलेल्या सांध्यावर जोर देत राहील आणि तो आणखी लवकर संपेल, असं नाही का?

अस्थिरोग_मिरज | २० नोव्हेंबर, सकाळी ७:१०

चांगली शंका, आणि बरेच जण विचारायला लाजतात. सगळ्या नसा बंद होत नाहीत, तीनच फांद्या होतात. पाय कुठं पडतोय हे कळत राहतं, अति झालं तर दुखतंही. पण मास्तरांसारखी चूक करायला वाव मिळतो हे खरं. म्हणून मी आधी विचारतो, दुखणं कमी झालं तर काय करणार? ‘डोंगर चढणार’ असं उत्तर आलं तर मी थांबतो.

पेसमेकर असेल तर आधी सांगावं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःहून बंद करू नयेत, विचारून ठरवावं. खर्च विचारताना सुयांचे आणि मशीनचे पैसे त्यात धरलेत का हे विचारा, नाहीतर बिलाच्या दिवशी वाद होतात.

सतारीचा_भोपळा | २० नोव्हेंबर, दुपारी १२:३०

डॉक्टर, दुर्बिणीतून गुडघा धुऊन काढतात त्याचं काय? माझ्या मेहुण्याला सांगितलंय. दोनच भोकं, दुसऱ्या दिवशी घरी.

अस्थिरोग_मिरज | २० नोव्हेंबर, दुपारी २:१५

झिजेच्या दुखण्यासाठी नको. अमेरिकेत ह्यूस्टनला १८० रुग्णांवर झालेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. काहींचा सांधा धुतला, काहींचा आतून खरवडला आणि काहींच्या कातडीवर फक्त छेद देऊन टाके घातले. दोन वर्षं बघितलं, तिन्ही गटांत दुखणं सारखंच. सांधा अडकत असेल, आत तुकडा फिरत असेल तर गोष्ट निराळी. मेहुण्यांना एवढंच विचारायला सांगा: माझ्या गुडघ्यात अडकणारं नेमकं काय आहे?

मेहुणे पन्नाशीचे असतील आणि फक्त आतली बाजू झिजून पाय वाकला असेल, तर नडगीचं हाड कापून भार बाहेरच्या बाजूला सरकवण्याची शस्त्रक्रियाही असते. ती मोठी आहे, पण स्वतःचा सांधा राहतो.

बुधगावकर | २२ नोव्हेंबर, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. कालची संपूर्ण रात्र आईला वाचून दाखवलं. पुडीचं ऐकून ती गप्प झाली. मग कपाटातून एक डबी काढून माझ्या हातात दिली, कार्तिकीला कुणीतरी दिलेली. मला माहीतच नव्हतं. दोनदाच घेतलीय म्हणाली. उद्या डॉक्टरांना दाखवते.

पोत्याचा हिशेब मात्र तिला पटला. ‘‘वीस किलोचं पोतं पाठीवर घिऊन मी उगंच हिंडतीया व्हय!’’

ठरलंय असं: कमोडची खुर्ची आली. व्यायाम सुरू, जेवढा जमेल तेवढा. तीन महिन्यांची साखर तपासायची आणि डिसेंबरात ब्लॉकची चाचणी. ब्लॉकनं निम्मं कमी झालं नाही तर पुण्याला दाखवायचं. आणि आयर्विन दादा, सांधा बदलण्याचं दारही बंद केलेलं नाही. नको म्हणते ते कशाला भिऊन, हे तुमच्यामुळं विचारलं. भूल दिली की जाग येणार नाही याची भीती होती. कमरेखालीच भूल देऊनही करतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आयर्विन_पूल | २२ नोव्हेंबर, रात्री ९:५०

वडिलांना सांगतो त्यांच्याशी फोनवर बोलायला. त्यांना कमरेतच भूल दिली होती, ऑपरेशन चालू असताना ते आतल्या नर्सशी ऊसदरावर बोलत होते.

बुधगावकर | १८ डिसेंबर, रात्री ८:००

ब्लॉक झाला. उजव्या गुडघ्याला सातवरून दोन. डाव्याला सहावरून चारच. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, उजव्याचं करू, डाव्याला यानं फार फरक पडणार नाही. दोन्हीचे पैसे घेऊन मोकळे झाले नाहीत, याचं मला फार बरं वाटलं. वजन ७६.

धोंडीराम_मास्तर | १८ डिसेंबर, रात्री ८:३५

उत्तम. हजेरीपट कोण मांडणार ते आजच ठरवा.

बुधगावकर | १४ फेब्रुवारी, सायंकाळी ६:४५

उशिरा लिहितेय, घरात हळदीची गडबड आहे. उजव्या गुडघ्याचं आरएफ ३ जानेवारीला झालं. बारा दिवस चांगलंच हुळहुळलं, मी घाबरले होते, पण मास्तरांनी आधीच लिहिलं होतं म्हणून धीर धरला. आता उजवा तीनवर आहे. डावा पाचवर, तो दुखतोच. डाव्यावर लावायचा मलम दिलाय. वजन ७३. हजेरीपट माझा भाचा मांडतो, इयत्ता चौथी, अजिबात सूट देत नाही.

काल आई रानात चालत गेली. मध्ये दोनदा थांबली, एकदा पुलाच्या कठड्यावर आणि एकदा पाटलांच्या विहिरीपाशी. काठी डाव्या हातात. कढई चढली होती, वाफ निघत होती, तिथं पोचली आणि पहिल्यांदा गड्डा हातात घेऊन नखानं टोकरून बघितला, शिजलाय का ते.

अर्ध्या तासानं बघते तर बायकांच्या ओळीत उकिडवी बसलेली! हळकुंडं मोडत होती. मी ओरडले. ‘‘दुखत न्हाई की,’’ म्हणाली. क्षणभर मास्तरांची पंगतच आठवली. तिथल्या तिथं घमेलं पालथं घालून तिला वर बसवलं, आणि आज सकाळी सुताराकडून बैठक करून आणली.

सतारीचा_भोपळा | १४ फेब्रुवारी, रात्री ९:२०

ताई, डोळ्यांत पाणी आलं. बैठक किती उंचीची केली ते सांगाल का? मलाही जमिनीवरून उठायचंय. भोपळा मांडीवर घेऊन काम जमेल अशी उंची शोधतोय, दोन स्टुलं करून बघितली, एक फार उंच झालं आणि दुसऱ्यावरून उठताना परत गुडघ्यावरच जोर येतो.

बुधगावकर | १४ फेब्रुवारी, रात्री ९:४०

दादा, आईची अठरा इंच आहे. सुतारानं आधी तिला खुर्चीत बसवून जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या बाजूपर्यंत माप घेतलं, मग त्यात इंचभर वाढवलं. म्हणजे उठताना मांडीला सोपं जातं. तुमचं माप तुमच्या पायाचं घ्या. आणि बाजूला हात टेकायला एक फळी ठोकून घ्या, आईची ती करायची राहिली, उद्या परत पाठवतेय.

मांडीचा_जोर | १४ फेब्रुवारी, रात्री १०:०५

फळी दोन्ही बाजूंना ठोका, डावा गुडघा अजून दुखतोय ना.